कॉम्पॅक्ट कॅमेरा बटण दाबल्यावर उशिरा फोटो काढतो: उशीर नेमका कोठे होतो आणि तो कसा कमी करावा

शाळेच्या स्नेहसंमेलनात मूल रंगमंचावर उडी घेते, आपण त्याच क्षणी बटण दाबतो, आणि फोटोत मात्र उडी संपवून उभे राहिलेले मूल येते. बारशाला पाळण्यातले बाळ हसते आणि फोटोत त्याने मान वळवलेली असते. लहान डिजिटल कॅमेऱ्याबद्दल पुन्हा पुन्हा केली जाणारी ही तक्रार जुनीच आहे. पण कपाटात पडून राहिलेले कॉम्पॅक्ट कॅमेरे लोक पुन्हा वापरू लागल्यापासून ती नव्याने ऐकू येते आणि आता ती अधिक तीव्रही असते. त्याचे कारण मोबाइलने लावलेली सवय हे आहे. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये कॅमेरा उघडल्याबरोबर दृश्याच्या चौकटी सतत स्मृतीत साठत राहतात आणि बटण दाबले की त्या क्षणाच्या आसपासची चौकट उचलून जतन केली जाते. जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा असे काही करत नाही. तो बटण दाबल्यानंतर कामाला लागतो.

यावर उपाय विचारला की सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘वेगवान मेमरी कार्ड घ्या’. हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो, कारण कार्डाचे काम फोटो टिपून झाल्यावर सुरू होते. टिपण्याच्या आधी जो उशीर होतो, त्याच्याशी कार्डाचा संबंध नसतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आपला कॅमेरा नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो ते शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॅमेरा सुरू होऊन तयार होण्यास वेळ लागतो, बटण दाबल्यापासून फोटो टिपला जाईपर्यंत वेळ लागतो, एक फोटो टिपल्यावर पुढच्यासाठी मोकळा होण्यास वेळ लागतो आणि फ्लॅश वापरत असाल तर तो पुन्हा भरला जाण्यास वेळ लागतो. या चारही विलंबांची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी मोजून पाहावे

मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून तो टेबलावर उभा ठेवावा. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करावा, झूम न करता साधारण हातभर अंतरावरून पडदा चौकटीत घ्यावा आणि आकडा ठरलेल्या पूर्ण सेकंदावर, समजा १० वर, येताच बटण एका दमात पूर्ण दाबावे. फोटोत १०.८ दिसले तर उशीर सुमारे ०.८ सेकंदाचा आहे. आकडा येताना डोळ्यांना दिसत असल्यामुळे आपला हात बराचसा वेळेवर पडतो, तरी काही दशांशांची चूक होतेच. म्हणून हे अनेकदा करून मधला आकडा धरावा. त्यानंतर हीच चाचणी बटण आधीच अर्धे दाबून, फोकस झाल्याची खूण दिसल्यावर, आकडा ठरलेल्या सेकंदावर येताच उरलेले दाबून करावी. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे तुमचा कॅमेरा फोकस करण्यात घालवत असलेला वेळ. बहुतेक कॅमेऱ्यांत दुसरा आकडा इतका लहान येतो की तो मोजणे कठीण जाते, आणि तक्रारीचे मूळ कोठे आहे ते तिथेच स्पष्ट होते.

दोन फोटोंमधला वेळ मोजणे याहून सोपे आहे, कारण त्यात आपल्या हाताच्या अंदाजाचा प्रश्न फारसा येत नाही. कॅमेरा परवानगी देईल तितक्या लवकर लागोपाठ फोटो काढावेत आणि त्यांतील आकड्यांची वजाबाकी करावी. मग फोटोचा आकार मेन्यूतून सर्वांत लहान करून पुन्हा पाहावे. अंतर लक्षणीय कमी झाले तर वेळ प्रक्रिया करण्यात किंवा कार्डावर लिहिण्यात जात होता. अंतर तेवढेच राहिले तर कार्ड निर्दोष आहे आणि दोष फोकसमध्ये, फ्लॅशमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये शोधायचा आहे.

फोकस: बहुतेकांचा वेळ येथे जातो

कॉम्पॅक्ट कॅमेरा फोकस कसा करतो हे समजून घेतले तर पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. या कॅमेऱ्यांत सामान्यतः कॉन्ट्रास्टवर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतील फरकावर, आधारित पद्धत वापरलेली असते. लेन्स थोडी सरकते, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) एक चौकट वाचतो, त्या चौकटीतील कडा किती तीक्ष्ण आहेत ते प्रोसेसर तपासतो, लेन्स आणखी थोडी सरकते, पुन्हा चौकट वाचली जाते. तीक्ष्णता वाढत जाऊन कमी होऊ लागली की सर्वोच्च बिंदू मागे गेला हे कॅमेऱ्याला कळते आणि तो लेन्स उलट फिरवून तेथे आणतो. पडद्यावर चित्र क्षणभर धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते, ते यामुळेच. सेन्सर सेकंदाला ३० चौकटी वाचत असेल आणि या शोधाला १५ वाचने लागत असतील, तर त्यातच अर्धा सेकंद जातो. खोलीत उजेड कमी असेल तर प्रत्येक चौकटीला पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून अनेक कॅमेरे चौकटींचा वेग उतरवतात. तो निम्म्यावर आला तर तोच शोध एक सेकंद घेतो. त्यात अंधारात कडा अस्पष्ट असतात, चित्रात दाणे वाढतात, आणि कॅमेऱ्याला तीक्ष्णतेचा शिखरबिंदू सापडत नाही म्हणून लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा जाऊन येते. दुपारी गच्चीवर चपळ वाटणारा कॅमेरा संध्याकाळी दिवाणखान्यात हतबल का होतो, याचे हे पूर्ण उत्तर आहे. कॅमेरा बिघडलेला नसतो.

झूम केल्यावर हीच अडचण वाढते. अनेक कॉम्पॅक्ट लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र (एफचा आकडा मोठा तितके ते लहान) झूम न करता एफ २.८ च्या आसपास असते आणि पूर्ण झूमला एफ ५.६ किंवा त्याहूनही लहान होते. एफ २.८ वरून एफ ५.६ वर जाणे म्हणजे सेन्सरवर चौथा हिस्साच प्रकाश पडणे. त्यामुळे अंधाऱ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून पूर्ण झूम करून नृत्याचा फोटो घेणे हे या कॅमेऱ्यासाठी सर्वांत कठीण काम आहे. शक्य असेल तर पुढे जाऊन बसावे आणि झूम कमी ठेवावा. या एका बदलाने फोकसचा वेळ आणि हललेले फोटो असे दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

आता सर्वांत महत्त्वाचा उपाय, जो माहीत असूनही फार थोडे लोक सवयीने वापरतात: बटण दोन टप्प्यांत दाबणे. मूल जेथे येणार आहे तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या स्पष्ट कडेवर, उदाहरणार्थ रंगमंचाच्या खांबावर किंवा पाळण्याच्या काठावर, कॅमेरा धरून बटण अर्धे दाबावे, खूण दिसली की बोट न उचलता हवी ती चौकट धरावी आणि क्षण आला की उरलेले दाबावे. फोकस आणि उजेडाचे मोजमाप दोन्ही आधीच झालेले असल्यामुळे कॅमेऱ्याला तेव्हा फक्त टिपायचे उरते. अंतर बरेच बदलले तर बोट उचलून पुन्हा अर्धे दाबावे लागते, एवढेच पथ्य. कोऱ्या भिंतीवर किंवा सपाट पांढऱ्या सदऱ्यावर फोकस धरण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेथे कॅमेऱ्याला तपासण्यासाठी कडाच नसतात. कॉलर, बटणे, केसांची रेषा, साडीचा काठ अशा जागा निवडाव्यात. काही कॅमेऱ्यांना केवळ आडव्या रेषा असलेल्या वस्तूंवरही फोकस साधत नाही. अशा वेळी कॅमेरा उभा धरून फोकस घ्यावा आणि मग पुन्हा आडवा करावा.

मेन्यूमध्येही थोडे काम आहे. फोकसची जागा कॅमेऱ्याने स्वतः निवडायची सोय बंद करून मधला एकच बिंदू ठेवावा. चेहरा ओळखण्याची सोय उजेडात उपयुक्त असते. अंधारात ती अनेकदा चेहरा शोधत बसते, तेव्हा ती बंद करून फरक पाहावा. फुलाची खूण असलेली मॅक्रो सोय चुकून चालू राहिली असेल तर लेन्सला अगदी जवळच्या अंतरांचाही शोध घ्यावा लागतो आणि दूरच्या फोटोला विनाकारण उशीर होतो. ‘अचानक मंद झाला’ अशी तक्रार आली की मी प्रथम हीच खूण पाहायला सांगतो. फोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवा चालू ठेवावा, तो बोटाने किंवा मनगटाच्या दोरीने झाकला जात नाही ना हे पाहावे, मात्र त्याचा उजेड काही मीटरच पोहोचतो हेही लक्षात ठेवावे. दूरच्या रंगमंचासाठी, विसर्जनाच्या रोषणाईसाठी किंवा दिवाळीत आकाशात फुटणाऱ्या बाणांसाठी डोंगराची खूण असलेली फोकसची सोय निवडावी. त्यात लेन्स दूरच्या अंतरावर स्थिर राहते आणि शोधाशोध होतच नाही.

ज्यांच्या कॅमेऱ्यात हाताने फोकस ठरवण्याची सोय आहे त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे. सामान्य कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलीमीटरचा असतो आणि त्यामुळे लेन्सची खरी नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) फार कमी, झूम न करता साधारण ४.५ मिलीमीटर, असते. एफ २.८ वर, ०.००५ मिलीमीटरपर्यंतचा धूसर ठिपका डोळ्यांना चालतो असे धरून हिशोब केला, तर फोकस सुमारे दीड मीटरवर ठेवल्यास पाऊण मीटरपासून अनंतापर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. म्हणजे घरगुती समारंभात, झूम न करता, फोकस एकदा दीड मीटरवर ठेवून दिला की दिवसभर त्याकडे पाहावे लागत नाही आणि प्रत्येक फोटो बटणासरशी निघतो. लहान सेन्सरला आपण एरवी नावे ठेवतो, पण येथे तोच उपयोगी पडतो. रिको जीआर या कॅमेऱ्यांच्या मालिकेत तर सेन्सर मोठा असूनही, ठरवलेल्या अंतरावर थेट फोटो घेण्याची ‘स्नॅप फोकस’ ही स्वतंत्र सोय दिलेली आहे. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना ती मालिका प्रिय आहे त्यामागे या सोयीचा मोठा वाटा आहे.

लेन्सची स्वच्छताही वेगाशी जोडलेली आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काचेवर बोटाचा तेलकट ठसा असेल किंवा कोकणासारख्या दमट हवेत आतल्या काचेवर बुरशी धरली असेल, तर सगळ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट उतरतो आणि ज्या तीक्ष्णतेवर फोकस अवलंबून आहे तीच कमी पडते. बाहेरचा ठसा आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवून मग मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसता येतो. आतली बुरशी घरी काढू नये, ते दुरुस्ती करणाऱ्याचे काम आहे. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि पुड्यांनी ओलावा शोषला की त्या बदलाव्यात.

फ्लॅश आणि सेल

फ्लॅशने फोटो काढल्यावर पडदा काळा होतो आणि काही सेकंद कॅमेरा काहीच ऐकत नाही, अशी तक्रार असेल तर त्या वेळात फ्लॅशसाठी वीज साठवणारा आतला कपॅसिटर भरला जात असतो. तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो आणि ती सगळी वीज लहानशा बॅटरीतून ओढली जाते. त्यामुळे येथे बॅटरीची अवस्था निर्णायक ठरते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त झिंक-कार्बन सेल घातले तर कॅमेरा जेमतेम सुरू होतो. अल्कलाइन सेल त्याहून बरे, पण जास्त प्रवाह मागितला की त्यांचाही विद्युतदाब खाली येतो आणि ते अर्धे वापरले गेल्यावर फ्लॅश भरण्याचा वेळ ठळकपणे वाढतो. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर १.२ व्होल्टचेच असले, तरी त्यांचा आतला रोध कमी असल्यामुळे ते मोठा प्रवाह सहज देतात आणि फ्लॅश लवकर भरतो. २००५ मध्ये सान्योने एनेलूप हे सेल आणल्यापासून, न वापरता ठेवले तरी महिनोन्महिने चार्ज टिकवणारे सेल मिळू लागले आहेत आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यासाठी तेच घ्यावेत. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडावा लागतो. तो चुकीचा असेल तर भरलेले सेलही ‘संपले’ असे दाखवले जाते.

लिथियम-आयनची चपटी बॅटरी असेल तर तिचे वय पाहावे. अनेक वर्षे जुनी बॅटरी पूर्ण चार्ज दाखवते आणि फ्लॅश भरताना मात्र कोलमडते. ती फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवावा.

बॅटरी चांगली असूनही वेळ लागत असेल तर फ्लॅशकडून कमी काम घ्यावे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ऐवजी ४०० ठेवला तर त्याच फोटोला फ्लॅशचा चौथा हिस्सा प्रकाश पुरतो, कपॅसिटर पूर्ण रिकामा होत नाही आणि तो लवकर भरतो. डोळ्यांतला लालसरपणा कमी करणारी सोय अवश्य बंद करावी. तिच्यामुळे खरा फोटो घेण्याआधी दिवा लागतो किंवा फ्लॅश लुकलुकतो, सुमारे एक सेकंद जातो, आणि समोरच्या माणसाला फोटो झाला असे वाटून तो हलतो. लाल डोळे नंतर संगणकावर दुरुस्त करता येतात. निसटलेला क्षण परत आणता येत नाही. फ्लॅशची समस्या म्हणून कॅमेरा घरी उघडण्याचा विचार मात्र कोणी करू नये, कारण बॅटरी काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका विद्युतभार बराच वेळ टिकतो.

कार्ड

फोटोचा आकार लहान केल्यावर दोन फोटोंमधला वेळ खरोखर कमी झाला, तरच कार्डाकडे वळावे. एसडी कार्डावर गोलाकार खुणेत लिहिलेले २, ४, ६ किंवा १० हे आकडे सलग लिहिण्याचा किमान वेग, सेकंदाला तितके मेगाबाइट, असा सांगतात. पाच मेगाबाइटचा फोटो क्लास २ च्या कार्डावर अडीच सेकंद घेऊ शकतो, क्लास १० वर अर्धा सेकंद. त्यापुढे मात्र जुन्या कॅमेऱ्याच्या आतले सर्किटच अडसर बनते. वेष्टनावर ठळक छापलेला १०० किंवा १७० मेगाबाइटचा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे, आणि तो वेग २००८ च्या कॅमेऱ्याला वापरताच येत नाही. साधे, खात्रीच्या दुकानातून घेतलेले क्लास १० कार्ड पुरेसे आहे.

खात्रीचे दुकान हे मुद्दाम म्हटले. खोट्या छापाची कार्डे बाजारात भरपूर आहेत. ती मंद असतात आणि लिहिलेल्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी जागेची असू शकतात. संगणकावर ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ किंवा ‘एफ थ्री’ या मोफत साधनांनी कार्ड पूर्ण भरून वाचून पाहता येते, त्यातून क्षमता आणि वेग दोन्ही कळतात. २००६ मध्ये एसडीएचसी हा जास्त क्षमतेच्या कार्डांचा प्रकार येण्यापूर्वीचा कॅमेरा असेल तर तो सामान्यतः २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे ओळखतो, तेव्हा त्याला ३२ जीबीचे कार्ड देऊन उपयोग नाही.

कार्ड वर्षानुवर्षे फोटो पुसून पुसून वापरले असेल तर सगळे फोटो संगणकावर उतरवून घ्यावेत आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ हा पर्याय लिहिण्याचा वेग उतरलेल्या कार्डासाठीच दिलेला असतो.

दोन फोटोंमधल्या वेळेबाबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. फोटो टिपल्यावर तो पडद्यावर दोन सेकंद दाखवण्याची सोय बंद करावी. बहुतेक कॅमेऱ्यांत ती चालू असली तरी बटण अर्धे दाबताच चित्र हटते. आणि रात्री चार सेकंदांचा फोटो घेतल्यावर कॅमेरा आणखी चार सेकंद अडून बसला तर तो दोष समजू नये. तो शटर बंद ठेवून तेवढ्याच कालावधीची काळी चौकट टिपतो आणि तिच्या आधारे खऱ्या फोटोतले दाणे वजा करतो.

सुरू होण्यास लागणारा वेळ

येथे करण्यासारखे थोडेच आहे. सुरुवातीचे चित्र आणि आवाज बंद करावेत, कार्डावर हजारो जुने फोटो साठवून ठेवू नयेत, आणि दर वेळी तारीख विचारली जात असेल तर आतली छोटी बॅटरी संपली आहे असे समजावे आणि कॅमेरा न उघडता बदलता येत असेल तर ती बदलावी. कार्यक्रमात कॅमेरा सारखा बंद-चालू करण्यापेक्षा आपोआप बंद होण्याची मुदत वाढवून एक जादा बॅटरी जवळ ठेवणे अधिक श्रेयस्कर. लेन्स बाहेर येताना करकर आवाज येत असेल किंवा ती अडखळत असेल, तर आत वाळू किंवा धूळ गेली आहे. समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या कॅमेऱ्यांत हे फार आढळते. अशा लेन्सला हाताने ढकलू नये.

उशीर नसून हललेला फोटो

काही वेळा फोटो वेळेवर टिपलेला असतो आणि तरीही तो ‘चुकलेला’ दिसतो. हातवारे करणाऱ्या माणसाचे हात धूसर येतात, तेव्हा शटर एक अष्टमांश सेकंदासारखे बराच वेळ उघडे राहिलेले असते. फोटोच्या माहितीत शटरचा वेग पाहावा. १/६० पेक्षा मंद असेल तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा, दाणे पत्करावेत, किंवा माणसाला खिडकीजवळ बोलवावे. याचा फोकसशी किंवा कार्डाशी संबंध नाही.

एवढे सगळे करूनही बटण अर्धे दाबल्यावर फोकस व्हायला अंधारात सेकंदभर लागत असेल, तर ती त्या कॅमेऱ्याच्या रचनेची मर्यादा आहे आणि ती कोणत्याही सेटिंगने जाणार नाही. सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे बिंदू बसवून लेन्स कोणत्या दिशेने किती फिरवायची हे थेट मोजणारी पद्धत कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात २०१० मध्ये फुजीफिल्मच्या फाइनपिक्स एफ३००ईएक्सआरमध्ये आली, आणि त्यानंतरही बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ती नव्हतीच. म्हणून वापरलेला कॅमेरा विकत घेताना मेगापिक्सेलच्या आकड्यावर वेळ घालवू नये. आपली चार्ज केलेली बॅटरी व कार्ड सोबत न्यावे आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूम करून वर सांगितलेली स्टॉपवॉचची चाचणी तेथेच करावी. कॅमेरा एक्सडी किंवा जुने मेमरी स्टिक वापरणारा असेल, तर चालू स्थितीतले कार्ड त्याच्यासोबतच मागून घ्यावे. ही कार्डे आता सहज मिळत नाहीत, आणि कार्डाशिवाय तो कॅमेरा आतल्या तुटपुंज्या स्मृतीत मोजकेच फोटो ठेवू शकतो.